बाण हातात, पिस्तूल घरी?

दर सप्टेंबरात आमच्या टीममधला एक जण दोन आठवडे गायब होतो. फोन लागत नाही, मेलला उत्तर नाही. साहेब मोंटानाच्या डोंगरात, धनुष्यबाण घेऊन एल्कच्या मागे. मागे जाण्याआधी लंचला सहज बोलून गेला, "कमरेला पिस्तूल असतंच, अस्वलासाठी." टेबलावरच्या आम्ही चार देशी मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. धनुष्याचीच हौस ना, मग पिस्तूल कशाला? मीही हसलो. नंतर एका शनिवारी बसून जरा वाचलं, आणि माझं मत पार उलटं झालं.

तर प्रकार असा. अमेरिकेत फक्त धनुष्यबाणाने शिकार करायचा वेगळा हंगाम असतो. विस्कॉन्सिनने असा हंगाम १९३४ साली पहिल्यांदा सुरू केला, मग इतर राज्यं आली. आणि त्यातल्या अनेकांनी एक नियम केला: या हंगामात शिकाऱ्याच्या अंगावर पिस्तूल सापडलं की गुन्हा. वापरलं नाही तरी. पुढे बऱ्याच ठिकाणी हे सैल झालं. मिशिगनमध्ये लपवून शस्त्र बाळगायचा परवाना असेल तर पिस्तूल चालतं, फक्त त्याने जनावर मारायचं नाही. मोंटानात स्वसंरक्षणासाठी चालतं. तरीही "सरसकट बंदीच बरी" म्हणणारे आहेत. माझं भांडण त्यांच्याशी.

त्यांचा मुद्दा काय? लबाड शिकारी हरणाला गोळी घालेल, वर एक बाण खुपसेल आणि म्हणेल धनुष्याने मारलं. मुद्दा खोटा नाही. वॉर्डन मोजके, जंगल अफाट. पिस्तूल सापडलं की केस सरळ, गोळी कोणी झाडली ते सिद्ध करायची कटकट नाही.

पण मग ही सोय कोणाची झाली? वॉर्डनची. सार्वजनिक सुरक्षेचा इथे संबंधच नाही! काही आठवड्यांनी बंदुकीचा हंगाम सुरू झाला की तोच माणूस त्याच जंगलात रायफल घेऊन उजळ माथ्याने फिरणार. जो माणूस रायफलसकट चालतो, तो पिस्तुलासकट आज अचानक धोकादायक कसा झाला?

आणि आपल्या लोकांसाठी एक गंमत. एच-वन-बीवाल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. पण शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद! म्हणजे केंद्राच्या लेखी तो परवाना हा भरवशाचा पुरावा, आणि राज्याच्या लेखी तोच परवानेवाला संशयित.

तुम्ही म्हणाल, गरज काय पण? तर धनुष्याची शिकार कशी होते ते बघा. बाण वीस-तीस यार्डांवरून मारायचा. म्हणजे आवाज नाही, अंगाला वास नाही, वारा तोंडावर, कपडे झाडांत मिसळणारे. अस्वलांच्या भागात जे जे करू नका म्हणतात, ते सगळं इथे मुद्दाम करायचं. शिवाय बाण लागलेलं जनावर रक्तस्रावाने मरतं, बऱ्याचदा पळत दूर जातं. शिकारी थांबतो, मग रक्ताचा माग काढत जातो. कधी थेट दुसऱ्या दिवशी. तोवर त्या धुडावर दुसऱ्या कोणाचा हक्क लागलेला असू शकतो.

ॲक्सेस कमीत कमी द्यावा हे मलाही कळतं, रोज तेच करतो. पण ऑन-कॉल माणसाचाच ॲक्सेस काढून घेणाऱ्या मॅनेजरला आपण काय म्हणतो?

आता दुसऱ्या बाजूच्या वीरांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. पिस्तूल म्हणजे ताईत नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टेटन वाइल्डरनेसमध्ये आदल्या दिवशी बाणाने मारलेला एल्क साफ करताना एका गाइडवर ग्रिझलीने हल्ला केला. पिस्तूल होतं, पण काही अंतरावर, सामानापाशी. बरोबरचा शिकारी तिथे पोचला, त्याला गोळी झाडता आली नाही. त्याने ते गाइडकडे फेकलं, ते पोचलं नाही. गाइड गेला. कायद्याने त्याला अडवलं नव्हतं.

अलास्कातल्या घटनांवरचे दोन अभ्यास आहेत. २००८ चा स्प्रेवरचा: तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने काम भागलं. २०१२ चा बंदुकांवरचा: पिस्तुलाने ८४ टक्के, लांब नळीच्या बंदुकीने ७६. आणि त्यातच असंही दिसलं की बंदूक वापरणारे आणि जवळ असून न वापरणारे, यांच्या जखमी होण्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे बाबांनो, पिस्तूल बाळगा हवं तर, पण आधी मिरचीचा फवारा छातीवर अडकवा.

मग कायदा कसा हवा? बंदी कृत्यावर घाला, वस्तूवर नको. धनुष्याच्या हंगामात गोळीने जनावर मारलं तर परवाना काढून घ्या, आणि तो गेला की जाऊ द्या वर्षानुवर्षं. परवाने रद्द करण्याबाबत राज्याराज्यांत करार आहेच, एका सदस्य राज्यात गमावलेला परवाना दुसरीकडेही मिळत नाही. धुडातली गोळी बोलते, गोळीचा आवाज मैलभर जातो. पुरावा मिळवायला कष्ट पडतात हे मान्य. पण तपासाचे कष्ट वाचावेत म्हणून प्रामाणिक माणसाला निहत्था जंगलात पाठवायचं, हा कुठला न्याय? उलट सक्ती करायचीच तर उपयोगी गोष्टीची करा. ग्रँड टेटन नॅशनल पार्कच्या एल्क शिकारीत स्प्रे बाळगणं बंधनकारक आहे. अक्कल म्हणतात ती ही.

आपल्याकडे शिकारीवरच बंदी, आणि ती असावीच. म्हणून हा वाद आपल्याला विनोदी वाटतो. पण "काही जण चोर आहेत, सबब सगळ्यांवर बंदी" हे वाक्य तुम्ही तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कधी वाचलंच नाही का?

असो. सोमवारी त्या पठ्ठ्याला सॉरी म्हणायचंय. आणि विचारायचंय, स्प्रे नेतोस ना रे?