आधी नकाशा, मग निविदा

भंडारा जिल्ह्यातील वीज आणि वाहतुकीच्या लोकनियोजनासाठी जाहीरनामा

आम्ही भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत राहणारी माणसे आहोत. धान पिकवणारी, तलावात मासे धरणारी, एसटीने शाळा-कॉलेजला जाणारी, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींत पाळीवर जाणारी, रोज नागपूरला अप-डाऊन करणारी. वीज कुठून यावी, बस कुठे थांबावी, रस्ता कुठून न्यावा, याचा निर्णय आमच्या कानावर येतो तो निविदा निघाल्यावर. त्याआधीचा नकाशा आम्ही मागितला की या टेबलावरून त्या टेबलावर जावे लागते. हा क्रम उलटवण्यासाठी आम्ही एकत्र येत आहोत. आमची मागणी चार शब्दांची आहे: आधी नकाशा, मग निविदा.

माहितीचा तुटवडा इथे नाही. युरोपचे सेंटिनेल उपग्रह दर पाच दिवसांनी या जिल्ह्याचे चित्र घेतात आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील सगळ्या जगाला फुकट देतात. अमेरिकेच्या लँडसॅटचा संग्रह 1972 पासूनचा आहे. इस्रोचे 'भुवन' 2009 पासून खुले आहे. कार्टोसॅटवरून काढलेले जमिनीचे चढउतार तिथे मिळतात. राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर आपल्या नागपुरातच आहे, 1988 पासून. महावितरणकडे फीडरची माहिती आहे, एसटीकडे फेऱ्यांची, भूमी अभिलेखकडे गटांची, जलसंपदा विभागाकडे पूररेषांची. प्रत्येकाचा कागद आपापल्या कपाटात. हे सगळे थर एकाच नकाशावर, एकावर एक ठेवून बघायचे, याला भूस्थानिक माहितीवरचे नियोजन म्हणतात. त्यात आमच्या गावच्या माणसाला कळणार नाही असे काहीही नाही.

उन्हाळी धानाचे उदाहरण घ्या. थ्री-फेज वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी अंधारात बांधीवर जातो. पायाखाली साप, धुऱ्यावर रानडुक्कर, कोका आणि नागझिरा अभयारण्यांच्या बाजूला वाघ, बिबट, अस्वल. 'दिवसा वीज द्या' ही मागणी जुनी आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 तिच्यासाठीच 2023 मध्ये आली. शेतीचे फीडर ज्या उपकेंद्रातून निघतात त्याच्याजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेताला दिवसा पाणी द्यायचे. आम्ही या योजनेच्या बाजूने आहोत, ठामपणे आहोत. पण उपकेंद्राजवळची 'सरकारी जमीन' म्हणजे आमच्याकडे काय असते? कुठे गायरान, कुठे तलावात पाणी वाहून आणणारा उतार, कुठे झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगल आहे, आणि ते वनच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी स्पष्ट केले. टेबलावर बसून सातबारा बघून निवडलेली जागा उद्या वनखात्यात अडकेल, नाहीतर गावची गुरे उपाशी ठेवील. दोन्हीकडून शेतकऱ्याची रात्रपाळी सुटणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रत्येक उपकेंद्राभोवती वर्तुळ काढा. त्यातून वन वगळा, झुडपी वगळा, तलावाचे पाणलोट वगळा, गुरे चरतात ते गायरान वगळा. उरेल ती जागा सौर प्रकल्पाची. कमी उरली तर तेही आधीच कळेल, आणि मग राईस मिलची, गोदामांची, शाळांची, सरकारी कचेऱ्यांची छते मोजायला घेता येतील. तलावांवर तरंगती पॅनेल टाकण्याचा विचार कुणी मांडला, तर त्याचाही हिशेब याच नकाशावर व्हायला हवा. उपग्रहाला जी निळी रिकामी जागा दिसते ती ढिवरांच्या मच्छीमार संस्थेची रोजी असते.

छतांचे तसेच. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे आणि एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर छत लागते. उपग्रहाच्या चित्रावरून संगणक एका दुपारीत भंडारा शहराची सगळी छते मोजून देईल, आणि आकडा भव्य येईल. पण त्यातली किती छते कवेलूंची आहेत? कवेलूच्या घरावर पॅनेल चढत नाही. कुठल्या स्लॅबवर शेजारच्या तीन मजल्यांची सावली दुपारी दोनपासून पडते? कुठे भाडेकरू राहतो आणि मालक नागपुरात? हे वरून दिसत नाही. गल्लीतून फिरणाऱ्या मुलीला अर्ध्या तासात दिसते. तिची नोंद त्या आकड्याला जोडली तरच त्यावर आराखडा उभा राहू शकतो.

उपग्रह फसतोही. जुलैत रोवणीच्या वेळी पाण्याने भरलेल्या बांध्या त्याला तलावासारख्या दिसतात आणि निम्मा जिल्हा जलमय भासतो. उलट ज्या तलावात बेशरमाची झुडपे माजली आहेत, तो तलाव त्याला हिरवे रान वाटतो. हे माहीत नसलेल्या सल्लागाराने पुण्या-मुंबईत बसून आमच्या जिल्ह्याचा 'जमीन वापर' ठरवला, तर बोडीतून रस्ता जाईल आणि कोरड्या जागेवर पूल बांधला जाईल. आम्हाला तंत्रज्ञान हवे आहे, पूर्ण ताकदीनिशी हवे आहे. त्याच्या प्रत्येक थरावर गावाची तपासणी झाल्याचा शिक्काही हवा आहे.

आता वाहतूक, आणि त्यात वरठी. हावडा-मुंबई मार्गावरचे भंडारा रोड स्थानक वरठीला आहे; जिल्ह्याचे शहर तिथून दहाएक किलोमीटरवर. गाडीतून उतरलेल्या माणसाचा पुढचा प्रवास रिक्षावाल्याच्या मर्जीवर. रात्रीची गाडी असेल, सोबत म्हातारी आई किंवा दवाखान्यातून परतलेला माणूस असेल, तर या दहा किलोमीटरचे पैसे रेल्वेच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतात. वरठीहून शहराच्या अंगाने जवाहरनगरच्या आयुध निर्माणीपर्यंत एकेकाळी रेल्वेची लाइन टाकली गेली. त्या पट्ट्याची जमीन आज कुठे मोकळी आहे, कुठे तिच्यावर काय उभे आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात किती घरे, शाळा, दवाखाने येतात, हे एका नकाशावर मांडा. मग तिथे शटल चालवायची, विजेच्या बस सोडायच्या की सायकलींचा रस्ता करायचा, यावर बोलू. नागपूरहून भंडारा रोडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रो चालवण्यासाठी महामेट्रो आणि रेल्वे यांच्यात 2018 मध्ये करार झाला. ती गाडी आली तरी वरठीलाच थांबेल. वरठीपुढचा प्रश्न सोडवल्याशिवाय ती भंडाऱ्याची होणार नाही, ती नागपूरचीच राहील.

तालुक्यांत चित्र आणखी विस्कटलेले आहे. साकोली शहराला रेल्वे नाही. पवनी आणि लाखांदूरच्या आतल्या गावांतून मुलींच्या शाळेची वेळ एक आणि गाडीची वेळ दुसरी. मधली जागा खाजगी काळी-पिवळी गाड्या भरून काढतात, दाटीवाटीने. एसटीचे वेळापत्रक थांब्यांच्या अक्षांश-रेखांशासह खुले झाले, तर कुठल्या गावातून कुठल्या शाळेत किती वेळात पोचता येते हे कुणीही मोजू शकेल. वेळापत्रक असे खुले मांडण्याचा साचा अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने 2005 मध्ये वापरात आणला आणि आज तो जगभर चालतो. विजेच्या बस आल्या की हाच नकाशा सांगेल की चार्जिंग तुमसर आगारात हवे की वाटेत मोहाडीला, कारण ते ठरते गाडी दिवसाला किती किलोमीटर धावते आणि कुठे किती वेळ थांबते यावरून.

चार्जिंग स्टेशन असो की उपकेंद्र, ते पुरात बुडता कामा नये. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडारा, गणेशपूर, कारधा यांना काय दाखवले ते आम्ही विसरलेलो नाही. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. रडार लावलेला उपग्रह ढगांआडूनही पुराचे पाणी पाहतो आणि ती चित्रेही फुकट आहेत. गोसीखुर्दचे पाणी मागे फुगते तेव्हा खरोखर कुठपर्यंत येते, ते या चित्रांवर आणि लोकांच्या भिंतींवरच्या खुणांवर एकत्र ताडून पाहता येते. ते ताडून न पाहता नदीकाठी विजेची एकही नवी पेटी बसू नये.

हे सगळे आम्ही बाहेरून उसने आणलेले नाही. गावाने आपल्या सामाईक गोष्टींची नोंद ठेवायची ही रीत पूर्व विदर्भात जुनी आहे. आमच्या गावांना निस्तार पत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. गुरे कुठे चरतील, लाकूडफाटा कुठून आणायचा, वहिवाटीचा रस्ता कुठला, तलावाचे पाणी कुणाचे, मासे कोण धरील, हे त्यात लिहिले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये त्यांना कलम 161 आणि 165 ची जागा आहे. मालगुजारी 1951 मध्ये गेली. कोहळी शेतकऱ्यांच्या कसबाने बांधलेले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव सरकारजमा झाले, पण नोंदी राहिल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत तलावांचे जे काम उभे केले, त्याने दाखवून दिले की तलावाविषयी सर्वांत बारीक माहिती तलावावर जगणाऱ्याकडे असते. निस्तार पत्रक हा आमच्या नकाशाचा पहिला थर असेल.

कायद्याची आडकाठी आता फारशी उरलेली नाही. भारताच्या महामोजणीचा विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला, मोजणी करता करता वारला. त्या मोजणीतून निघालेल्या नकाशांवर पुढे दीर्घकाळ सरकारी परवानगीचे कुलूप राहिले. केंद्राने 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते बऱ्याच अंशी काढले आणि 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने तीच दिशा पक्की केली. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम 25 विकास आराखड्याआधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार करायला सांगते. जिल्हा नियोजन समिती घटनेच्या 243 झेडडी अनुच्छेदाने बांधलेली आहे. माहिती अधिकाराचे कलम 4 मागण्याआधीच माहिती खुली करायला सांगते. म्हणजे आम्ही मागतो आहोत ते कायद्यातच आहे.

आणि हे लोकांनी करून दाखवलेलेही आहे. केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या कल्लियाश्शेरी पंचायतीत, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी शास्त्रज्ञांसोबत गट-नकाशे हातात घेऊन गाव पायी पालथे घातले. जमीन, पाणी, माती यांचे नकाशे काढले, आणि पुढे केरळच्या लोकनियोजनाला त्या कामाचा आधार मिळाला. नैरोबीत विद्यार्थ्यांनी खाजगी मटाटू गाड्यांत बसून, साध्या मोबाइलवर मार्ग नोंदवले. 2014 मध्ये सव्वाशेहून अधिक मार्गांचा नकाशा छापून निघाला आणि शहर प्रशासनाने तो स्वीकारला. आमची काळी-पिवळी मटाटूहून वेगळी नाही. जे नैरोबीच्या मुलांना जमले ते तुमसरच्या मुलांना जमेल.

आम्ही प्रशासनाकडे मागतो: भंडारा जिल्ह्यातील वीज, रस्ते आणि बस यांवरचा कुठलाही मोठा खर्च मंजूर होण्याआधी त्याचा नकाशा, त्यामागच्या थरांसह, मराठीत आणि संगणकावर उघडता येईल अशा रूपात खुला करावा. ग्रामसभेला किंवा वॉर्डाला त्यावर दुरुस्ती सुचवता यावी, आणि दुरुस्ती नाकारली तर कारण लेखी मिळावे. जिल्हा नियोजन समितीसमोर येणाऱ्या प्रस्तावाला नकाशा जोडलेला नसेल तर तो परत जावा.

आम्ही स्वतःवर घेतो: आमचा नकाशा कायम खुला राहील आणि कुणाला विकला जाणार नाही. त्यात जागा असतील, माणसांची नावे नसतील. कुणाचे वीजबिल थकले, कुणाच्या घरात कोण एकटे राहते, याची नोंद आम्ही कधीही करणार नाही. मुलींच्या जाण्यायेण्याच्या वाटा वेळेसकट कुठेही प्रसिद्ध होणार नाहीत. चूक सापडली तर ती दुरुस्त करून दुरुस्तीची नोंद ठेवू. कुठल्याही पक्षाच्या मंचावर हा नकाशा आम्ही नेणार नाही. कुठलाही पक्ष तो वापरू शकतो.

पहिले काम वरठी ते जवाहरनगर या पट्ट्याचे. त्याबरोबर सातही तालुक्यांत प्रत्येकी एक उपकेंद्र आणि त्याभोवतीचे वर्तुळ. नकाशा काढायला लागणारे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोबाइल बहुतेकांच्या खिशात आहे. तुमच्या गावातून पाच जण तयार करा, त्यांत दोन तरी बाया असू द्या आणि एक तरी साठी उलटलेला माणूस, ज्याला जुन्या पांदणी आणि बोड्या माहीत आहेत. तहसिलीत अर्ज करून गावच्या निस्तार पत्रकाची प्रत काढा. ती हातात आली की आम्हाला बोलवा, आम्ही येतो.