मुक्काम पोस्ट इमॅजिका

‘नव्वद किलोमीटरवर मुक्काम कसला करता? रात्री घरी येऊन झोपा की!’ इमॅजिकाला जाताना राहायचं कुठे, या प्रश्नाचा बाबांनी असा एका दमात निकाल लावला. टिपिकल पुणेकर! पण मंडळी, दिवसभर रांगा लावून, पेंगुळलेलं पोर मांडीवर घेऊन रविवारी रात्री बोरघाटातून पुण्याकडे सरकत येऊन बघा एकदा. पुढचा सोमवार ऑफिससाठी बादच.

तर मुक्काम हवाच. मग उरतात दोन पर्याय. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये पार्क सुरू झालं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं आणि २०१५ मध्ये शेजारीच नोव्होटेल उभं राहिलं. ते एक. नाहीतर घाटाच्या वर, लोणावळ्यात बंगला.

नुसता पैशांचा हिशोब मांडला तर बंगला जिंकतो. बंगल्याचं भाडं अख्ख्या घराचं, हॉटेलचं दर खोलीमागे. त्यात साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी. माणसं आठ झाली की कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नाही. मागच्या डिसेंबरात आम्ही आठच होतो. दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं, मावशी, आई-बाबा आणि अस्मादिक. बंगला घेतला.

आणि खरं सांगते, ती रात्र झक्कास गेली. केअरटेकरकाकांच्या घरून गरमागरम पिठलं-भाकरी आली, एक वाजेपर्यंत रमी रंगली. बाबा चक्क गायले! अशी रात्र हॉटेलच्या दोन मजल्यांवर विखुरलेल्या खोल्यांमध्ये मिळत नाही. शेजारच्या बंगल्यातल्या ‘पार्टी’चं संगीतही फुकटात ऐकायला मिळालं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

सकाळी मात्र आठ माणसं आणि एक गीझर. घाट उतरून पार्कच्या गेटवर पोचायला बारा वाजले. तिकीट पूर्ण दिवसाचं, दिवस अर्धा. अडीचच्या सुमारास आईचा गुडघा बोलू लागला. ‘तुम्ही फिरा रे, मी बसते.’ बसली. सहा बॅगा, चार स्वेटर आणि पोरांच्या बाटल्या सांभाळत, एका बाकावर, अंधार पडेपर्यंत. तिला बंगल्यावर सोडायचं तर कुणीतरी घाट चढून परत उतरायचा, आणि ते तिलाच मंजूर नव्हतं. आम्ही ‘नायट्रो’वर मनसोक्त किंचाळलो.

घरी येऊन फोटो लॅपटॉपवर टाकले. दोनशे चौदा. आई एकाही फोटोत नाही.

म्हणून या वेळी गेटशेजारी दोन खोल्या. आम्ही चौघंच, आई-बाबा, मावशी आणि मी. पेमेंट कधी येईल याचा नेम नसलेल्या माझ्यासारखीला हा आकडा झोंबतोच. पण दुपारी आईला चार पावलांवर पाठ टेकता येणं, ही सोय बंगल्यात कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. बहुतेक हॉटेलांत चेक-इनही दुपारी दोन-तीनच्या सुमारास असतं, म्हणजे ऐन वामकुक्षीच्या मुहूर्तावर. ती उठली की संध्याकाळी ‘आय फॉर इंडिया’. खुर्चीत बसून देशाची हवाई सफर, गुडघ्याला काही काम नाही.

तुमची गँग ऑफिसची असेल, तर डोकं न खाजवता बंगला घ्या. फक्त सकाळी लवकर निघायची शपथ घालून घ्या. सोबत साठीपुढचं कुणी किंवा दुपारी झोपणारं पोर असेल, तर पार्कच्या दाराशीच राहा. बुकिंग करताना पॅकेजमध्ये पार्कचं तिकीट धरलंय की नाही, हे आधी विचारा. नुसत्या खोलीचा दर पाहून तुलना केली तर फसाल.

बुकिंग झाल्याचं आईला सांगितलं. ‘खोलीत गॅस असतो का गं?’

‘नसतो.’

‘मग दशम्या करून घेते. चटणी आहेच.’