विश्लेषण : नदीकाठची निवांत सायकलवाट नांदेड-लातूरला शक्य आहे का?

नांदेडला गोदावरी आहे, लातूरला मांजरा. दोन्ही शहरांत पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणारे आहेत. पण त्यांची सकाळ जाते महामार्गाच्या कडेला, ट्रकच्या हॉर्नच्या सोबतीने. गाड्यांचा त्रास नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला शेत, अशी वाट या भागात करायची तर कोट्यवधींचा नवा रस्ता बांधावा लागेल का? की अशी वाट आधीपासूनच आहे?

सध्या अडचण काय आहे?

नांदेडपासून आठ-नऊ किलोमीटरवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. काळेश्वराचे मंदिर आणि समोर पसरलेले पाणी यांमुळे सकाळच्या फेरीसाठी याहून चांगली जागा जवळपास नाही. पण तिथे जायचा मुख्य रस्ता म्हणजे नांदेड-लातूर महामार्ग. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय रुग्णालय याच बाजूला असल्याने बस, ऑटो, रुग्णवाहिका आणि मालवाहू ट्रक दिवसभर सुरू असतात. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ मार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हाच.

लातूरची अडचण वेगळी. मांजरा शहराला लागून वाहत नाही. साई किंवा नागझरीच्या बॅरेजपर्यंत जायचे तर आधी शहराबाहेर पडावे लागते आणि शहराबाहेरचे मोठे रस्ते वाहनांनी भरलेले असतात.

रस्ते रुंद झाल्यावर सायकलस्वाराची सोय होण्याऐवजी गाड्यांचा वेग वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. ताशी ऐंशीने जाणारी गाडी आणि ताशी बाराने जाणारी सायकल यांच्यात फक्त एक पांढरी रेघ असेल तर ती रेघ कोणालाही वाचवत नाही.

मग सायकल ट्रॅक बांधले की झाले?

हैदराबादने तसे केले आहे. तिथल्या बाह्यवळण मार्गालगत २३ किलोमीटरचा, सौर पॅनेलचे छप्पर असलेला सायकल ट्रॅक ऑक्टोबर २०२३ मध्ये खुला झाला. तो सुरक्षित आहे, रात्री दिवेही असतात. पण तो महामार्गाला चिकटून जातो. निवांतपणा, झाडांची सावली, नदीचा काठ हे त्यातून मिळत नाही आणि असा ट्रॅक बांधणे नांदेड किंवा लातूर महापालिकेच्या आवाक्यातलेही नाही.

जगात गाजलेल्या निवांत सायकलवाटा बहुतांशी वेगळ्या पद्धतीने तयार झाल्या. ऑस्ट्रियातील डॅन्यूब नदीकाठचा मार्ग अनेक ठिकाणी जुन्या घोडेवाटांवरून जातो. इंजिन येण्याआधी काठावरून चालणारे घोडे दोराने नावा ओढत, त्यांच्यासाठी ही सपाट वाट राखलेली होती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा सायकलमार्ग बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात तयार झाला. दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये इंचॉन ते बुसान असा ६३३ किलोमीटरचा मार्ग नदीकाठाने जोडला. त्या नदी प्रकल्पावर पर्यावरणाच्या मुद्द्यावरून मोठा वाद झाला, हेही लक्षात ठेवायला हवे.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पाण्यासाठी किंवा रेल्वेसाठी जी लांबलचक पट्टी आधीच मोकळी केलेली होती, तीच सायकलला दिली गेली. नवे भूसंपादन फारसे करावे लागले नाही.

आपल्याकडे अशा पट्ट्या कोणत्या?

पहिली पट्टी कालव्याची, गावकऱ्यांच्या भाषेत कॅनॉलची. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्याने अर्धापूरच्या केळीच्या बागांपर्यंत येते. कंधार तालुक्यात बारूळच्या मानार प्रकल्पाचे कालवे आहेत. मुख्य कालव्याच्या भरावावर देखभालीसाठी रस्ता ठेवलेला असतो. दुरुस्तीची जीप, पाणी सोडणारे कर्मचारी आणि आसपासचे शेतकरी सोडले तर त्यावर फारसे कोणी नसते.

दुसरी पट्टी पाणंद रस्त्यांची. गावनकाशात या वाटा आहेत, पण अनेक ठिकाणी त्या नांगराखाली गेल्या किंवा काटेरी बाभळींनी बुजल्या. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आणि बांधावरून रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते.

तिसरी पट्टी बॅरेज आणि घाटांची. नांदेडमध्ये २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने गोदावरीचे घाट बांधले गेले. लातूरकरांनी २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून रेल्वेने पाणी येत असतानाच, लोकवर्गणीतून मांजरेचे पात्र खोल आणि रुंद केले. म्हणजे नदीकाठाशी या दोन्ही शहरांचे नाते नवे नाही.

कॅनॉलची वाट सायकलला सोपी का जाते?

पाणी स्वतःच्या वजनाने पुढे सरकावे, पण काठ खरवडू नये, म्हणून कालव्याला फारच कमी उतार देतात. काही हजार मीटर लांबीला जेमतेम एक मीटर. कालवा टेकडी चढत नाही, तिला वळसा घालतो. त्यामुळे त्याच्या काठची वाटही जवळपास सपाट राहते.

याचा फरक पायांना लगेच कळतो. सायकलसह ८० किलो वजन ताशी १२ किलोमीटर वेगाने सपाट डांबरी रस्त्यावर न्यायला साधारण ३० वॅट ताकद लागते. शंभर मीटरला फक्त एक मीटर चढ आला की हीच ताकद ५५ वॅटच्या आसपास जाते, म्हणजे जवळपास दुप्पट. साठीतले आजोबा किंवा दहा वर्षांची मुलगी यांच्यासाठी सायकल चालवणे आणि ढकलणे यातला हाच फरक आहे.

फक्त पृष्ठभाग महत्त्वाचा. आपली काळी माती पावसात चाकाला लगदा होऊन चिकटते आणि सायकल जागेवर थांबते. त्यावर उपाय सिमेंटचा नाही. दाबलेल्या मुरुमाचा थर आणि कडेला पाण्याचा निचरा एवढ्यावर भागते. दोन सायकली समोरासमोर निघायला अडीच मीटर रुंदी पुरते.

लातूरच्या जुन्या रेल्वे लाईनचे काय झाले?

या विषयातला सर्वांत मोठा धडा लातुरातच आहे. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे ब्रॉडगेज झाले आणि नॅरोगेजचा काळ संपला. शहरातून जाणारी जुनी पट्टी मोकळी झाली. आज लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हा पत्ता सांगण्याचा भाग आहे, सायकलने किंवा पायी सलग जायचा मार्ग नाही.

ब्रिस्टलला जी संधी मिळाली तीच इथे होती. सलग पट्टी एकदा तुकड्यांत वाटली गेली की ती परत जोडता येत नाही. आता कालव्यांच्या बाबतीत हा प्रश्न पुन्हा येणार आहे. पाण्याची गळती आणि चोरी टाळण्यासाठी उघड्या वितरिकांऐवजी बंद नलिका टाकण्याकडे राज्याचा कल आहे. पाइप जमिनीखाली गेल्यावर वरची पट्टी कोणाची, हे आताच ठरले नाही तर तिचीही जुनी रेल्वे लाईन होईल.

मग घोडे अडते कुठे?

परवानगीपाशी. मराठवाड्यातील पाटबंधारे प्रकल्प गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत. कालव्याचा रस्ता ही खात्याची मालमत्ता आहे, सार्वजनिक रस्ता नाही. खात्याची काळजीही खोटी नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटून शेकडो घरांत पाणी शिरले. उंदीर, घुशी, खेकड्यांनी भराव पोखरला, असे कारण तेव्हा देण्यात आले. भराव नाजूक असतो आणि त्यावर जड वाहन गेले की तो खचतो.

सायकलचे वजन हा इथे प्रश्नच नाही. वाट चांगली झाली की मागोमाग मोटारसायकल येते, मग ट्रॅक्टर आणि नदीकाठी असेल तर वाळूचा हायवा. म्हणून अशा वाटेवर सर्वांत महत्त्वाचे बांधकाम म्हणजे तिच्या तोंडाशी रोवलेले खांब. सायकल आणि माणूस जाईल, दुचाकीला अडचण होईल आणि खात्याची जीप किल्लीने खांब काढून जाऊ शकेल, अशी रचना हवी. शेतकऱ्याच्या बैलगाडीची अडवणूक होता कामा नये, नाहीतर खांब आठवड्यात उपटले जातील.

दुसरा धोका बुडण्याचा. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू उतरती आणि शेवाळाने निसरडी असते. पडलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. वाट काठापासून आत ठेवणे आणि ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा साखळ्या बसवणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

पुराचे काय?

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांनी पूर अनुभवला. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नांदेडचे घाट पाण्याखाली जाणे नवे नाही. म्हणून निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून, काँक्रीटची भिंत घालून सायकल ट्रॅक करणे नदीच्याही हिताचे नाही आणि तिजोरीच्याही नाही. मुरुमाची, जमिनीच्या पातळीवरची वाट पुरात बुडेल, गाळ बसेल आणि दिवाळीपूर्वी श्रमदानाने साफ करता येईल. पावसाळ्यात ती बंद ठेवावी लागेल, हे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे.

हे सगळे रविवारच्या हौसेसाठी?

तसे असते तर या प्रश्नाला फारसे वजन नसते. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी मोफत सायकली दिल्या जातात. सरकारने सायकल दिली, पण ती चालवायला रस्ता दिला तो ट्रकचाच. गावापासून शाळेपर्यंतचे तीन-चार किलोमीटर महामार्गाच्या कडेने मुलीला एकटे पाठवायला किती पालक तयार होतील?

म्हणून पहिला टप्पा निवडताना कसोटी साधी हवी. जिथे कॅनॉल किंवा पाणंद एखाद्या माध्यमिक शाळेला दोन-तीन गावांशी जोडते, असा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा घ्यावा. महामंडळाने लेखी परवानगी द्यावी, ग्रामपंचायतीने देखभाल घ्यावी आणि दोन्ही टोकांना खांब बसवावेत. आठवड्याचे सहा दिवस त्यावरून मुली शाळेत जातील आणि सातव्या दिवशी शहरातले सायकलस्वार येतील. रोज वापरात असलेल्या वाटेवर अतिक्रमण करणे अवघड असते. फक्त रविवारी जागी होणारी वाट मात्र दोन पावसाळ्यांत बाभळींच्या ताब्यात जाते.