डोंगर कुणाचा आणि शिबिर कुणाचे?

दिवाळीची सुट्टी संपली की मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या खाजगी शाळांच्या बसगाड्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत येऊ लागतात. दोन रात्री, तीन दिवस. तंबूत मुक्काम, एखाद्या गडाची चढाई, दोरावरून उतरणे, रात्री शेकोटी आणि शेवटी प्रमाणपत्र. पालकांना दिलेल्या पत्रकात लिहिलेले असते की यातून मुलांमध्ये धाडस येते, नेतृत्वगुण येतात, संघभावना वाढते.

आम्ही या भागात सामाजिक काम करतो. या शिबिरांना आमचा विरोध नाही. पत्रकात लिहिलेले सगळे खरे आहे असेच आम्ही मानतो. घरापासून लांब, आईवडिलांशिवाय तीन दिवस राहिलेले, पाठीवर स्वतःचे ओझे घेऊन चढलेले, पाय घसरल्यावर मित्राने हात दिलेले मूल वेगळे होऊन परत येते. म्हणूनच आमचा प्रश्न आहे. ही गोष्ट इतकी मोलाची असेल, तर ती फक्त फी भरू शकणाऱ्यांच्याच मुलांना का मिळते?

याच दिवसांत याच तालुक्यांत दुसरे एक स्थलांतर चालू असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ठेकेदाराची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. सोबत मुलेही जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मधले सहा-सात महिने त्यांची शाळा बुडते. म्हणजे ज्या थंडीत शहरातले मूल घर सोडून तंबूत राहायला कर्जतला येते, त्याच थंडीत कर्जतचे मूल घर सोडून भट्टीवरच्या झोपडीत राहायला जाते. दोघेही घराबाहेर, दोघेही उघड्या माळावर. एकाला त्याचे प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्याचे नाव हजेरीपटावर लाल शाईने लिहिले जाते. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता दिली आहे, त्यांत कातकरी आहेत. ही मान्यता कागदावर आहे. भट्टीवर ती पोहोचत नाही.

आता आपल्या वस्तीतल्या मुलांकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १२(१)(क) खाली २५ टक्के जागांवर आपली अनेक मुले खाजगी शाळांत शिकत आहेत. आमच्या परिचयाच्या एका मुलाच्या शाळेने तीन दिवसांच्या डोंगर शिबिराचे पत्रक काढले. फी त्याच्या आईच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. खाली लिहिले होते, 'सहभाग ऐच्छिक'. हा 'ऐच्छिक' शब्द नीट ओळखून घ्या. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी ती इच्छा असते, ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी ती बंदी असते, आणि शाळेचे हात मात्र दोन्हीकडून स्वच्छ राहतात. वर्ग डोंगरावर गेला, हा मुलगा तीन दिवस घरी राहिला. वर्ग परतल्यावर सगळ्यांना शिबिरावर निबंध लिहायला सांगितले. त्याला 'माझा आवडता सण' हा विषय दिला. त्या वर्गात भिंत कुणी बांधली नव्हती, पण ती होती.

कायदा याबाबत काय सांगतो हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्र सरकारच्या २०१० च्या नमुना नियमांत म्हटले आहे की या २५ टक्के मुलांशी पाठ्यपुस्तके, गणवेश, ग्रंथालय, संगणक सुविधा, अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ यांबाबत कोणताही भेदभाव होता कामा नये. शिबिर हा अभ्यासेतर उपक्रम नाही, तर काय आहे? शाळा सांगतील की सरकारकडून प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत. ती तक्रार खोटी नाही. पण ते भांडण शाळा आणि सरकार यांच्यातले आहे. त्याची किंमत दहा वर्षांच्या मुलाने का मोजायची?

हा विषय काढला की आपल्याच लोकांतून पहिला आक्षेप येतो. नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती रखडली आहे, अत्याचाराच्या बातम्या थांबत नाहीत आणि तुम्ही मुलांच्या डोंगर चढण्याचे काय घेऊन बसलात? हे पोटभरल्यांचे चोचले आहेत. वस्तीतल्या आज्या तर सरळ म्हणतात, "आम्ही जल्मभर डोंगूरच चढलो रं बाबा, लाकडाच्या मोळीसाठी. आता पोरांनी तरी चढू नये."

आजीचे म्हणणे आम्ही मान खाली घालून ऐकतो. तिच्या गुडघ्यांनी ते कमावलेले आहे. पण तिच्या चढण्यात आणि नातवाच्या चढण्यात फरक आहे. ती पोटासाठी चढली, तिला न चढण्याची मोकळीक नव्हती. नातू बघण्यासाठी, समजून घेण्यासाठी, आनंदासाठी चढेल. आनंदासाठी मोकळेपणाने फिरणे हा चोचला असता, तर तो आपल्याला नाकारण्यासाठी या व्यवस्थेने इतका आटापिटा केला नसता.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत मुलांच्या एका प्रवासाची हकिकत सांगितली आहे. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीवर होते, त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले होते. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवी पायताणे. मुले पहिल्यांदाच आगगाडीत बसणार म्हणून हरखून गेली होती. मसूर स्टेशनवर जात कळली आणि सगळे पालटले. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर. डब्यात भरपूर जेवण होते, पण प्यायला पाणी कुणी देईना, म्हणून मुले उपाशी झोपली. मुलांच्या सहलीचा असा शेवट आपल्या इतिहासात नोंदलेला आहे.

पुढे १९३४ मध्ये बाबासाहेब कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असताना वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गदारोळ झाला. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला. त्या वेळी बाबासाहेब बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद गाजवून आले होते. तरी किल्ला पाहण्यासाठी त्यांना पहाऱ्यात चालावे लागले. चवदार तळे ज्या जिल्ह्यात आहे, त्या रायगड जिल्ह्यातल्या डोंगरावर आपली मुले शिबिराला जातात आणि झऱ्याचे पाणी ओंजळीने पितात, ही गोष्ट म्हणूनच किरकोळ नाही.

पण केवळ जाऊन उपयोग नाही. तिथे काय बघायचे आणि काय शिकायचे, हेही आपणच ठरवले पाहिजे.

कर्जत स्टेशनवरून टमटमने कोंदिवड्याला जाता येते. तिथून चालत निघाले की राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे लेणी लागतात. बुद्धाच्या धम्माची ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल करणारा चैत्य, शेजारी विहार. घाटमाथा आणि कोकणातली बंदरे यांना जोडणाऱ्या वाटेवर भिक्खूंनी आणि व्यापाऱ्यांनी पावसाळ्यात आसरा घ्यावा, अशी ही जागा आहे. शाळांच्या सहली इथे क्षणभर थांबतात, 'पांडवांनी एका रात्रीत कोरलेली' अशी काहीतरी गोष्ट ऐकतात आणि वर गडाकडे निघतात. चैत्याच्या दर्शनी भागात एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. त्यात हे काम करणाऱ्याचे नाव आहे: कण्हाचा अंतेवासी बलक. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा विद्यार्थी. या डोंगरातल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक राजाचे नाही की सरदाराचे नाही, ते निवासी विद्यार्थ्याचे आहे! आणि त्याच डोंगरातल्या निवासी शिबिरांत आज आपला विद्यार्थी नाही.

वर राजमाची आहे, श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले आहेत. तेही मुलांनी जरूर चढावेत, आमचा गडांशी वाद नाही. रात्री शेकोटीपाशी मात्र भाई कोतवालांची गोष्ट सांगावी. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला. याच भागात त्याने शाळा चालवल्या, सावकाराच्या विळख्यातून शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी धान्याची कोठारे उभी केली. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलांसोबत तो हुतात्मा झाला. राजवाड्यांच्या गोष्टी पाठ असलेल्या किती मुलांना ही गोष्ट माहीत आहे?

आणि चौकला गेल्यावर इर्शाळगडाकडे बोट दाखवून मुलांना १९ जुलै २०२३ ची रात्र सांगितली पाहिजे. त्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, बचाव पथकांना चिखलातून पायी चढावे लागले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. पण ट्रेकर मंडळींना ही वाडी चांगली माहीत होती. शनिवार-रविवारी गडावर जाणारे तिथेच पाणी पीत, तिथल्या ठाकर घरांत पिठलं-भाकरी खात. हजारो लोक ज्या वाटेने हौसेने चढत होते, त्याच वाटेने आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते, हे कुणाला खुपले नाही. डोंगर पाहायला शिकवणे म्हणजे हे पाहायला शिकवणे.

म्हणून वाडीतल्या माणसांशी शिबिराचे नाते बदलले पाहिजे. आज ती माणसे शिबिरात स्वयंपाकी, हमाल, वाटाडे आणि राखणदार असतात. त्यांना 'मामा' आणि 'मावशी' म्हणतात आणि मजुरीत घासाघीस करतात. कोणती रानभाजी कधी उगवते, कोणती वाट पावसात बंद होते, कुठला झरा मार्चपर्यंत टिकतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. आपल्या शिबिरात त्यांनी शिक्षक म्हणून समोर बसावे, मुलांनी वहीत लिहून घ्यावे आणि शिक्षकाचे मानधन त्यांच्या हातात द्यावे. वाडीतली मुलेही शिबिरार्थी म्हणून सोबत असली पाहिजेत. स्वयंपाक एक, पंगत एक. 'व्हेज' आणि 'नॉनव्हेज' असे तंबू वेगळे करण्याची जी नवी पद्धत निघाली आहे, ती जात विचारण्याचीच सभ्य रीत आहे. ती आपल्या शिबिरात नको.

कुणी म्हणेल, आपल्या मुलांना हे झेपेल का? २५ मे २०१४ रोजी तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळांचे दोन विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. मालावत पूर्णा ही तेरा वर्षांची आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा. त्यांचे पहिले शिक्षण भोंगीरच्या कातळावर झाले. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर गेले. झेपण्याचा प्रश्न तिथेच संपला. आम्हाला मात्र पाच मुलांचे एव्हरेस्ट पुरेसे वाटत नाही. सत्कार पाचांचा होतो आणि बाकीची हजारो मुले वसतिगृहाच्या गजांआड सुट्टी काढतात. प्रत्येक मुलाला वर्षातून दोन रात्री डोंगरात मिळाल्या पाहिजेत.

सुरक्षेचा मुद्दा आम्ही टाळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीत बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते योग्यच होते. पण नियमांचा धाक दाखवून सरकारी शाळा सहलच रद्द करतात आणि खाजगी शाळा पैसे मोजून व्यवस्था विकत घेतात. म्हणजे सुरक्षाही विकत घेण्याची वस्तू झाली. आपण हे शिस्तीने करू शकतो. पावसाळ्यात कडेकपारीला जायचे नाही. डोह आणि नदीत उतरायचे नाही. स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार येणारा माणूस, जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि मुलींसोबत महिला कार्यकर्त्या, यांतले एकही नसेल तर शिबिर पुढे ढकलायचे. मुलींना घरातून सोडत नाहीत, ही अडचण खरी आहे. त्यासाठी पहिल्या वर्षी आयांनाच सोबत घ्या. मोळीसाठी चढलेली आई एकदा रिकाम्या हाताने चढू द्या.

काय करायचे ते स्पष्ट सांगतो. समाजकल्याण विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांच्या निवासी शाळा आणि वसतिगृहे, तसेच पेण प्रकल्पातल्या आश्रमशाळा यांच्या वार्षिक आराखड्यात डोंगर शिबिराची तरतूद करावी, असे निवेदन प्रत्येक तालुक्यातून गेले पाहिजे. २५ टक्क्यांतल्या मुलाला शिबिरातून वगळले, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, तोंडी विनवणी नको. भट्टीवर गेलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी याच निवेदनात जोडा, कारण तीही याच डोंगराची मुले आहेत.

आणि सरकारची वाट बघत बसू नका. लोकलचे तिकीट, टमटमचे भाडे, तांदूळ-डाळ आणि वाडीतल्या दोन शिक्षकांचे मानधन, एवढ्यात तीस मुलांचे शिबिर होते. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला याहून जास्त पैसे लागतात. ज्या मंडळाला पटेल, त्याने येत्या जानेवारीत वस्तीतली मुले घेऊन कोंढाण्याला यावे. वाट दाखवायला आम्ही आहोत.

जयभीम!