सत्कार पुरे, आता वाफा द्या

गणपतीच्या दिवसांत आपलं मंडळ दरवर्षी ज्येष्ठांचा सत्कार करतं. शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि मग हॉलमधल्या पुढच्या रांगेतल्या राखीव खुर्च्या. त्यामागचा आदर खरा असतो. कार्यकर्ते रात्र रात्र जागून हे सगळं करतात हेही मला माहीत आहे, मी त्यांच्यातलीच आहे. तरीही कार्यकारिणीपुढे आणि तुम्हा सर्वांपुढे एक गोष्ट मांडायची आहे. आजींना मानाची खुर्ची देता देता आपण त्यांना हातातल्या कामावरून उठवतो आहोत. घरोघरी त्यांच्या कानावर एकच वाक्य पडतं, 'आई, तुम्ही आता आराम करा.' हे वाक्य आपण बंद करू या. आजींना जमीन द्या, शिकवायला मुलं द्या, आणि ने-आण करायला गाडी द्या.

माझ्या सासूबाई, आमच्या आई, आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आहेत. मूळच्या अलिबागकडच्या. शिकागोच्या उपनगरात आमच्या घरामागे जी थोडी माती आहे, ती त्यांची. उन्हाळा सरत येतो, शाळा सुरू झालेल्या असतात, गणपती तोंडावर असतात, तेव्हाचा त्यांचा आठवडा मी जवळून बघते. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल, छान वेळ जातो हो आजींचा! मला या 'वेळ जातो'चाच राग येतो. त्या आठवड्यात काय काय उरकलं जातं ते पाहा.

दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं. पांढरं, कागदासारखं पातळ. इथे ते रात्रीच्या पतंगांवर सोडून भागत नाही, फळ धरतच नाही, कोवळे दुधी पिवळे पडून गळतात. म्हणून जेवणं झाली की आई नातीला घेऊन मागे जातात. नात बॅटरी धरते. ज्या फुलामागे लव असलेला बोटभर दुधी दिसतो ती मादी. लांब बारीक देठावर नुसतंच फूल असतं तो नर. आई नराचं फूल खुडतात, पाकळ्या मागे सोलतात, आणि उरलेला पिवळा दांडा मादीच्या फुलात हलक्या हाताने फिरवतात. 'दाबू नकोस, नुसतं टेकव.' दोन-तीन संध्याकाळी बघितल्यावर आता नात ते स्वतः करते. शाळेत तिला परागीभवन धड्यातून शिकवतील तेव्हा शिकवतील. तिने ते बोटांनी केलेलं आहे, आणि त्याची भाजीही खाल्ली आहे.

वालाची गोष्ट याहून मोठी आहे. आमच्या कुंपणावर वालाचा वेल जुलैभर नुसता पानांनी माजतो. शेजारच्या अमेरिकन बाई त्याला शोभेचा वेल समजतात, कारण इथल्या नर्सऱ्यांत जांभळ्या शेंगांचा वाल शोभेसाठीच विकतात. मी एकदा म्हटलं, उपटून टाकू या का, काहीच येत नाही त्याला. आई म्हणाल्या, 'दिवस लहान होऊ दे.' त्यांनी वनस्पतिशास्त्र वाचलेलं नाही, पण मुद्दा अगदी शास्त्रशुद्ध होता. वालाच्या पुष्कळ जाती दिवस आखडला की मगच फुलावर येतात. अलिबागेत वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. शिकागोत जूनमध्ये तो पंधरा तासांच्या वर जातो. सप्टेंबरच्या मध्यावर तो साडेबारा तासांवर उतरतो तेव्हा कुठे आमच्या वेलाला तुरे दिसू लागतात. आणि ऑक्टोबरच्या मध्यावर हिम पडून सगळं काळं होतं. कोकणात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कडवे वाल पेरतात, त्यांना पुढे मोकळा हिवाळा मिळतो. इथे मिळतो जेमतेम महिना.

त्या महिन्यावर आईंनी तोड काढली आहे. सर्वांत आधी धरलेल्या शेंगांना त्या लाल दोरा बांधतात. त्या शेंगा कुणी खायच्या नाहीत. हिमाचा अंदाज आला की वेल मुळासकट उपटून गॅरेजमध्ये उलटा टांगतात, शेंगा तिथे वाळतात, आणि पुढच्या वर्षी तेच बी लावतात. वालाचं परागण बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे बी बिघडत नाही. लवकर फुलणाऱ्या वेलाचं बी वर्षानुवर्षं निवडत गेलं की या मातीला, या दिवसमानाला सोसेल असा वाल हळूहळू उभा राहतो. कृषी विद्यापीठात याला वाण निवडणं म्हणतात आणि त्यासाठी पगार देतात. आमच्याकडे गॅरेजमध्ये चालतं, म्हणून त्याला आजींचा छंद म्हणतात.

हे बी इथेच धरण्याला आणखी एक कारण आहे. आपल्यातले पुष्कळजण भारतातून येताना बॅगेत बियांची पुडी टाकतात. परवाना आणि तपासणीच्या कागदाशिवाय लावणीचं बी अमेरिकेत आणता येत नाही. विमानतळावर ते काढून घेतात आणि जाहीर न केल्यास दंडही होतो. कढीपत्त्याच्या ताज्या पानांनाही बंदी आहे, कारण संत्र्या-लिंबांच्या बागा उजाड करणाऱ्या रोगाचा प्रसार करणारा किडा त्या झाडावर राहतो. हे नियम उगाच केलेले नाहीत, ते पाळायलाच हवेत. मग आपल्या पिढीला आणि पुढच्या पिढीला वाल, घोसाळी, गावठी काकडी हवी असेल तर एकच रस्ता उरतो. जे इथे रीतसर रुजलं आहे, त्याचं बी धरायला येणारी माणसं आपल्यात हवीत. ती माणसं आत्ता आपल्या पुढच्या रांगेत शाल पांघरून बसली आहेत.

महाराष्ट्राने ही किंमत ओळखली आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाणांचं बियाणं त्यांनी घरात जपलं, वाढवलं, इतर बायकांना वाटलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची आठवण मी इथे करते ती आपल्या प्रत्येक आजीला राहीबाई ठरवण्यासाठी नव्हे. त्यांचा मान त्यांनी केलेल्या कामाचा होता, वयाचा नव्हता, एवढंच सांगायचं आहे.

दुपारी ऊन तापलं की आई आत येतात आणि गोधडी पुढे घेतात. जुन्या सुती साड्यांचे थर, वर जरा बरं उरलेलं पातळ, कडेपासून सुरू करून आत आत सरकणारा धावदोरा. हल्ली त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, ते काम नातवाचं. तो शाळेतून आला की सात-आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. ओवता ओवता विचारतो, ही साडी कुणाची? मग कळतं की हिरवी पणजीची आहे, ती नेसून पणजी भातलावणीला जात होती, आणि पदराकडचा डाग फणसाच्या चिकाचा आहे. त्या मुलाने पणजीला पाहिलेलं नाही. फोटोतही तिचा चेहरा नीट दिसत नाही. डाग मात्र त्याने बोट लावून पाहिला.

अमेरिकेला ही गोष्ट कळत नाही असं नाही. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या गावात कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान् पिढ्या शेतात घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, थंडीत निभावं म्हणून. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, आणि 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आपण मात्र गोधडी पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवतो.

हस्तकलेतलं आणखी एक काम सांगायचं तर गणपतीची तयारी. फुलवाती, कापसाची वस्त्रं, कुंकवाचं बोट. हे आता इंडियन स्टोअरमध्ये पाकिटात मिळतं, मिळू दे. त्यावर मी भांडणार नाही.

ऋषिपंचमीवर मात्र मला भांडायचं आहे. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, माणसाने स्वतः हाताने पिकवलेलं लागतं. आपण ही भाजी दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या पाकिटांतून करतो आणि नियम पाळल्याचं समाधान मानतो. आमच्याकडे त्या सकाळी आई मागच्या दारी जातात. अळूची पानं आणि देठ, लाल भोपळा, शिराळं, भेंडी, मक्याचं कणीस असं परडीत घालून आणतात. अळू खाजरं असतं म्हणून चिंच. तेल-तिखटाशिवाय शिजणारी ती भाजी मुलांना फार आवडते असं मी म्हणणार नाही. पण आपल्या घरात एक दिवस असा येतो की ताटातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुणाच्या हाताने उगवली हे मुलांना नावानिशी माहीत असतं.

यावर मला जे सांगितलं जातं ते मी नीट ऐकलं आहे. पहिलं म्हणजे, त्यांनी जन्मभर कष्ट उपसले, आता तरी बसू द्या. हे म्हणणाऱ्यांच्या मनातली माया मला समजते. पण गुडघे दुखतात म्हणून बसणं वेगळं आणि करायला काही ठेवलंच नाही म्हणून बसणं वेगळं. गाडी चालवता न येणारी बाई उपनगरात दिवसभर बंद घरात काय करते, ते आपण संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या चेहऱ्यावर वाचतो आणि विषय बदलतो. गुडघ्यांसाठी कंबरेइतक्या उंचीचे लाकडी वाफे करता येतात. रिकाम्या दुपारीला असा उपाय नाही.

दुसरं म्हणणं मला जास्त टोचतं, कारण ते खरं आहे. पुष्कळ घरांत आजीला बोलावतात ती बाळंतपणासाठी आणि मग नातवंडं सांभाळण्यासाठी. तिच्यावर पाळणाघर चालतं आणि त्याला कुणी कामही म्हणत नाही. तुम्ही आणखी काम द्या म्हणता? मी त्या कामाबद्दल बोलतच नाही. आपल्या सोयीसाठी तिच्यावर टाकलेलं काम आणि जिथे तिचा शब्द शेवटचा असतो ते काम, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वाल उपटायचा की ठेवायचा हे आमच्या घरात आई ठरवतात. आम्ही विचारतो आणि ऐकतो.

सगळ्याच आजींना मातीत हात घालायला आवडत नाही, हेही आहे. कुणी बँकेत अधिकारी होत्या, कुणी शाळेत गणित शिकवलं, कुणाला पेटी वाजवायची आहे. तर त्यांना त्यांचा तास द्या. आजोबांनाही द्या. माझा आग्रह वाफ्याचा आहे, कारण मुलं तिथे मराठी ऐकून मराठीत काम करतात. 'आळं भर, शेंडा खुड, मुळाशी पाणी सोड, पानावर नको' या बोलण्याला लगेच हातांनी उत्तर द्यावं लागतं. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेत मुलं तक्त्यावरच्या भाज्यांची नावं म्हणतात. शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण तक्त्याला पाणी घालता येत नाही.

हे घराघरावर सोडून चालणार नाही, मंडळानेच करायला हवं, याचं कारण साधं आहे. आमच्याकडे परस आहे. पुष्कळ तरुण कुटुंबं अपार्टमेंटमध्ये किंवा टाउनहाउसमध्ये राहतात, तिथे माती नाही. पार्क डिस्ट्रिक्ट भाड्याने वाफे देतं, पण त्याचे अर्ज हिवाळ्यात भरावे लागतात, आणि आजी तेव्हा पुण्यात, नाशकात, सावंतवाडीत असतात. बहुतेकजणी पर्यटक व्हिसावर येतात, एका वेळी साधारण सहा महिने राहतात, मे ते ऑक्टोबर. शिकागोत शेवटचं हिम मेच्या मध्यावर संपतं आणि पहिलं ऑक्टोबरच्या मध्यावर येतं. म्हणजे आजींचा मुक्काम आणि मातीचा हंगाम एकच आहे. फक्त जानेवारीत त्यांच्या वतीने फॉर्म भरणारं कुणीतरी इथे हवं. ते मंडळ असू शकतं.

तेव्हा माझी मागणी अशी. मंडळाने चार वाफे घ्यावेत, शक्यतो नळाजवळचे. शनिवारच्या शाळेने मे, जून आणि सप्टेंबरमध्ये महिन्यातला एक वर्ग तिथे भरवावा आणि त्या दिवशी शिकवणं आजी-आजोबांकडे द्यावं. गणपतीच्या हॉलमध्ये सत्काराऐवजी एक टेबल बियाण्यांचं असावं. या देशातल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकांसारखंच बी नेता येतं, जुन्या कार्डांच्या खणांत पाकिटं लावलेली असतात. आपल्यालाही ते जमेल. पाकिटावर वाण, वर्ष, आणि बी धरणाऱ्या आजीचं नाव. दुकानातल्या संकरित वाणाचं बी ठेवू नये, ते पुढच्या वर्षी तसंच येत नाही, ही तपासणी आजीच करतील. खर्च म्हणाल तर शाली आणि नारळांच्या पैशांत वाफ्यांचं भाडं निघावं, न निघाल्यास मी वर्गणी गोळा करते.

गाडीचा प्रश्न अवघड आहे, आणि सगळं त्याच्यावरच अडेल. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी कुणीतरी आजींना घरून घेऊन वाफ्यावर सोडायचं आणि तासा-दीड तासाने परत आणायचं. कार्यकारिणीची दिवाळीनंतरची बैठक आहे, त्यात हा विषय घ्यावा. यादी करायला घ्याल तेव्हा बुधवार माझ्या नावावर लिहा. दुसऱ्या दिवसासाठी नाव हवं आहे.