'असले विषय कशाला?'

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' 2025च्या सप्टेंबरात थिएटरात पाहिला, तो अजून डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात या मराठी सिनेमाला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, म्हणून आम्ही दोघं-तिघं म्हातारे कौतुकाने गेलो. मध्यंतरात एक स्नेही कुजबुजले, "सर, असले विषय कशाला?"

आनंद वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस काढायला मुंबईहून गावी येतो. तिथे बालमित्र बाळ्या. दोघेही बिनलग्नाचे, दोघांच्याही मागे नातेवाइकांचं लग्नाचं टुमणं. पार्श्वसंगीत नाही, भाषणबाजी नाही. 'फार संथ आहे' असंही कुणी म्हणालं. अहो, सुतकाचे दिवस कधी पळतात का?

मला हलवलं ते आईने. तिला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि तरी (की म्हणूनच?) ती त्याच्या बाजूने उभी आहे.

नोकरीत असताना एक माजी विद्यार्थी असाच घरी आला होता. लग्न नको म्हणत होता. फार आढेवेढे घेऊन अर्धंमुर्धं बोलला. मी शहाणपणाने सांगितलं, "लग्न कर, सगळं ठीक होतं." त्याने ऐकलं. चार वर्षांत मोडलं. त्या मुलीचा काय दोष होता?

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाखालचा हा गुन्हा रद्द केला, तेव्हा मी बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला होता.

स्नेह्यांना त्या दिवशी उत्तर दिलं नाही, हे घ्या. त्या विद्यार्थ्याचा नंबर आहे माझ्याकडे. अजून फोन लावलेला नाही.