बर्फ नको, काठ चालेल

मागच्या जानेवारीत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मिनेसोटाचा एक व्हिडिओ टाकला. गोठलेलं तळं, बर्फाला पाडलेलं भोक, शेजारी स्टुलावर बसलेले दोन काका, आणि भोकातून वर येणारा चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा क्रॅपी मासा. खाली लगेच प्रश्न : "आपण हे उंटरश्लाइसहाइमच्या तळ्यावर करायचं का?" अर्ध्या तासात सतरा अंगठे उठले. पोरांना तर दुसरं काही सुचेना. मी तेव्हा गप्प बसलो, कारण ग्रुपवर नन्नाचा पाढा लावणारा माणूस कोणालाच आवडत नाही. पण अंकात सांगतो. बर्फावर जायचं नाही. मासे पकडायला मात्र जायचं, आणि त्यासाठी आपण मोठ्यांनीच थोडा अभ्यास करायचा आहे.

आधी बर्फाचं बोलू. तळ्यावरचा बर्फ निदान 15 सेंटिमीटर जाड हवा, वाहत्या पाण्यावर 20, असं इथले जीवरक्षक सांगतात. आपल्या भागातली बहुतेक तळी खडी उपसून झालेली. त्यांत खालून भूजल झिरपतं, त्यामुळे बर्फ एका ठिकाणी जाड तर चार पावलांवर पातळ असू शकतो. मिनेसोटात महिनोन्‌महिने कडाका असतो. इथे चार दिवस थंडी आणि पाचव्या दिवशी पाऊस. कोणी पाण्यात पडलंच तर धावत त्याच्याकडे जाऊ नका. आधी 112 ला फोन, मग आडवे होऊन फांदी किंवा स्कार्फ पुढे करा. हे मुलांनाही शिकवा, ती शाळेतून येताना तळ्याच्या कडेने येतात.

दुसरं, क्रॅपी इथला नाहीच. तो उत्तर अमेरिकेचा. त्याच्या कुळातला सोनेनबार्श तेवढा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात आणला गेला आणि आता नको तिथे पसरला आहे. आपल्याकडे हिवाळ्यात मिळायचा तो बार्श, हिरवट अंगावर काळे पट्टे आणि पोटाशी तांबडे पंख असलेला. पण तो व्हिडिओ फुकट गेला असं मी म्हणणार नाही. रुसलेला क्रॅपी कसा मनवायचा, हे जे त्या काकांना कळलंय ते बार्शलाही लागू पडतं.

माशाच्या अंगाची उष्णता पाण्याइतकीच. पाणी थंड झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मंदावते, आणि तो पाठलाग करत नाही. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळाशी त्यातल्या त्यात ऊब असते आणि मासे खोल पाण्यात घोळका करून उभे राहतात. घोळका सापडला तरी गळाला लागत नाहीत. अशा वेळी आपण काय करतो? आमिष बदलतो, रंग बदलतो, काठी जोरजोरात हलवतो. मी पहिले दोन हिवाळे हेच केलं. रिकाम्या हाताने घरी यायचो आणि बायको विचारायची, "आज कोणता मासा भेटला नाही?"

जाणकार क्रॅपीवाले उलट करतात. आमिष लहान, एखाद्या ग्रॅमचा गळ, दोरी बारीक. क्रॅपीचे डोळे वरच्या अंगाला असतात, तो वर बघून खातो. म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर हातभर ठेवायचं, खाली गेलं की त्याला दिसतच नाही. आणि मग काठी स्थिर. अगदी स्थिर. चावा म्हणजे झटका नसतो. मासा आमिष तोंडात घेऊन किंचित वर येतो आणि दोरी सैल पडते, एवढंच. त्याचं तोंड कागदासारखं नाजूक, म्हणून हिसका मारायचा नाही, हलकेच उचलायचं. क्रॅपी संध्याकाळी खातो, बार्श बहुधा भर दुपारी. हा फरक सोडला तर बाकी सारखंच. मी वजन खाली तळाला टेकवतो, गळ त्याच्या वर हातभर, त्यावर गांडुळाचा बोटभरही नसलेला तुकडा, आणि मनात शंभर मोजतो. मालवणजवळच्या खाडीत आजोबा गरवायला न्यायचे तेव्हा काळुंदरासाठी हेच सांगायचे : "हलवू नको रे, त्याला बघू दे." चाळीस वर्षांनी ते इथे पटलं.

आता व्हिडिओतल्या दोन गोष्टी मात्र इथे करू नका. त्यात गळाला जिवंत लहान मासा लावला होता. इथे ते चालत नाही. दुसरं, पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हा खेळही इथे मान्य नाही. प्राण्याला त्रास द्यायला सबळ कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे खाणं. आपल्यापैकी काहींना हा नियम निष्ठुर वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. खोलातून वर आणलेल्या बार्शची हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तो बहुधा जगत नाही. तेव्हा जेवणापुरते चार मिळाले की काठी गुंडाळायची. (खवले काढत बसू नका, कातडंच सोला. हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात तळा.)

आणि आता मुद्द्याचं. आपल्या मंडळातल्या तीन-चार मुलांना मासेमारीचं खरोखर वेड आहे. मुलांचा परवाना त्यांना मिळतो, पण त्यावर एकट्याने मासे धरता येत नाहीत. सोबत परवानाधारक मोठा माणूस लागतो. आपल्यात असे आम्ही मोजून दोघे. म्हणून ही मुलं शेजारच्या जर्मन आजोबांना कधी वेळ मिळेल याची वाट बघत बसतात, आणि आई-बाबा त्यांना गाडीने सोडून परत जातात. मला हे बरं वाटत नाही. मुलं आपल्याबरोबर काही करायला बघताहेत आणि आपण ड्रायव्हर.

बायर्नची परीक्षा अवघड नाही. निदान 30 तासांचा कोर्स, मग पाच विषयांवर 60 प्रश्न. 45 बरोबर हवेत, आणि प्रत्येक विषयात किमान सहा. माशांची जर्मन नावं पाठ करताना जीभ वळत नाही, हे कबूल. माझी तयारी माझ्या मुलीने करून घेतली. जेवताना चित्र दाखवायची आणि मी ब्राख्सेनला रोटाउगे म्हटलं की पोळी काढून घ्यायची. इतका वेळ सलग आम्ही दोघं मराठीत त्याआधी कधी बोललो होतो, आठवत नाही. नावं जर्मन, भांडण मराठी.

परवाना मिळाल्यावरही त्या-त्या तळ्याचं कार्ड वेगळं काढावं लागतं, कारण पाणी कोणा ना कोणा संघाचं असतं. ते कुठे मिळतं, कुठे काठावर बसायला जागा आहे, हे सगळं मी सांगेन. या हिवाळ्यात कोर्स करणारे निदान पाच जण हवेत. गाडी एक, वह्या माझ्याकडे आहेत. फराळाच्या दिवशी मी चहाच्या टेबलापाशी असेन, तिथे नाव द्या.